झाडे मोजणारा कायदा आणि गवताची पठारे

दरवर्षी जुलै महिन्यात वनमहोत्सवाची छायाचित्रे वृत्तकक्षात येऊ लागतात. पाहुण्यांच्या हातात रोप, पायाखाली जांभ्या दगडाचा हिरवागार सडा आणि सोबत ठरलेली ओळ : ‘ओसाड पठारावर वृक्षारोपण’. उपसंपादक म्हणून हा ‘ओसाड’ शब्द मी कित्येकदा तसाच पुढे पाठवला आहे. छायाचित्रात घोट्यापर्यंत गवत असते, त्यात निळीजांभळी फुलेही दिसत असतात. तरीही तो कधी खटकला नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. कुरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कच्छ किंवा सोलापूरचा माळ उभा राहतो. गोवा येत नाही. वस्तुतः दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ प्रदेशांचे जे पाच प्रमुख प्रकार मांडले, त्यांतील पहिलाच आपला आहे : दख्खनच्या द्वीपकल्पात पसरलेला, पवना आणि मारवेल या गवतांचा पट्टा. उरलेल्या चारांत सेवण आणि अंजन गवतांचे वायव्येकडील कोरडे प्रदेश, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील गेंड्याला झाकून टाकणारी उंच गवते, उत्तरेकडील डोंगरउतारांची कुरणे आणि हिमालयातील थंड, उंचावरची कुरणे येतात. प्रत्येकाची माती वेगळी, पाऊस वेगळा, त्यावर जगणारे प्राणी आणि माणसे वेगळी. त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे सरकारदरबारी झालेली उपेक्षा. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि उघडे खडकाळ प्रदेश हे पडीक जमिनीचेच प्रकार म्हणून नोंदले जातात.

गोव्याचे सडे या पट्ट्यातही वेगळे पडतात. येथे जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो. मृगाच्या सरी कोसळल्या की आठ-पंधरा दिवसांत काळा खडक हिरवा होतो आणि पाठोपाठ तेरडा, सीतेची आसवे, दवबिंदू अशी रांग लागते. यांपैकी शेवटच्या दोन वनस्पती कीटक पकडून खातात, कारण या मातीत पोषण फारसे नसते. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. तेथे झाडी वाढवली, तर त्यांचे घरच मोडते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते आणि एप्रिलमध्ये केवळ दगड उरतो. पठाराची पाहणी नेमकी अशा वेळी झाली, तर ‘येथे काही नाही’ असा शेरा मारायला फार विचार करावा लागत नाही.

पण सड्याचे सर्वांत मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. राज्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सच्छिद्र जांभा त्यातला वाटा शोषून घेतो. ते पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर येते. पायथ्याची कुळागरे, विहिरी, देवळांच्या तळ्या यांचे उन्हाळ्यातले पाणी बहुधा माथ्यावरचे असते. माथ्यावर काँक्रीट पसरले की पाऊस पडतो तितकाच. मात्र तो जुलैत गटारातून वाहून जातो आणि एप्रिलमध्ये विहीर तळ दाखवते.

असे असूनही या पठारांना कायद्याचा आधार जवळपास नाही. गोव्यात खासगी वन ठरवताना किमान पाच हेक्टर सलग क्षेत्र, पंचाहत्तर टक्के वनप्रजाती आणि किमान चाळीस टक्के वृक्षछत्र असे निकष लावले जातात. वृक्षछत्राची अट दहा टक्क्यांवर आणावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली. ती मान्य झाली असती, तरी गवताला त्याचा उपयोग नव्हता. ज्याच्याकडे झाडच नाही, त्याला दहा काय नि चाळीस काय! नगरनियोजन कायद्यातील कलम १७अ डोंगरकापणी आणि सखल भागातील भराव यांवर निर्बंध घालते. पठाराचा माथा ना उतार, ना सखल. त्यामुळे वेर्ण्यावर औद्योगिक वसाहत, ताळगावला विद्यापीठ, पर्वरीला विधानसभा आणि मोप्यावर विमानतळ अशी पठारे एकामागून एक वापरात आली. मोप्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हाही सर्वाधिक चर्चा झाली ती तोडल्या जाणाऱ्या झाडांचीच. वास्कोत ‘सडा’ हे वस्तीचे नाव तेवढे राहिले आहे.

शेते आणि खाजने वाचवायची असतील तर बांधकामे पठारावर जाऊ द्यावीत, हा युक्तिवाद जुना आहे आणि अगदीच निराधार नाही. घरे आणि कारखाने कोठेतरी उभे राहणारच. प्रश्न असा की, कोणत्या पठाराखाली कोणते झर आहेत हे पाहून तो निर्णय होतो का? आजवर तसे फारसे घडलेले नाही.

दुसऱ्या टोकाला, सड्यावर झाडे लावणे हाही त्याचा बचाव नव्हे. कच्छच्या बन्नीत १९६१ च्या सुमारास क्षारांचा प्रसार रोखण्यासाठी विलायती बाभूळ लावण्यात आली. तिने इतके कुरण गिळले की मालधारी तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणतात आणि आता ती उपटण्यासाठी खर्च करावा लागतो आहे. निलगिरी पर्वतात वॅटल आणि निलगिरीच्या लागवडीखाली उंचावरची कुरणे अशीच गाडली गेली. या अनुभवानंतरही केंद्राच्या २०२३ च्या हरित श्रेय योजनेत वृक्षारोपणासाठी निवडावयाच्या जमिनींत झुडपी आणि पडीक जमिनी आहेतच.

गोव्यापुरते पाहिले तर एक साधन हाताशी आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सडा पायी फिरून तेथील गवते, फुले, पक्ष्यांची घरटी आणि पायथ्याचे झर या नोंदवहीत नावानिशी उतरवता येतात. पुढे जमिनीच्या रूपांतराचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेच्या हाती दाखवायला कागद असेल. या नोंदवहीत वृक्षछत्राची टक्केवारी कोणी विचारत नाही.