माशांचा पंचनामा कोण करणार?

जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरच्या भाटिया चौकात बिबट्या शिरला, तेव्हा वनखाते, पोलीस, कॅमेरे सगळेच धावले. याच शहरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीतले मासे नाहीसे झाले, तेव्हा मात्र कोणी फिरकले नाही. वन्यजीवांचा ऱ्हास म्हटले की आपल्याला जंगल आठवते. तो आपल्या पुलांखाली घडतो आहे, हे आपण विसरतो.

जागतिक निसर्ग निधीच्या २०२४ च्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवालानुसार १९७० ते २०२० दरम्यान, नोंदी असलेल्या वन्यजीवसमूहांत सरासरी ७३ टक्के घट झाली. गोड्या पाण्यातली घट तर ८५ टक्के; जमीन आणि समुद्र यांच्याहून अधिक.

या ८५ टक्क्यांचा अर्थ अंबरनाथच्या शिवमंदिराशी उभे राहिले की कळतो. इ.स. १०६० च्या या मंदिराला लगटून वाहणारी वालधुनी आज सांडपाण्याचा नाला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरने रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले. पुढच्याच वर्षी हरित लवादाने प्रदूषणापोटी कोट्यवधींचा दंड ठोठावला. माणसे गुदमरली म्हणून निदान बातमी झाली. मासे त्याआधीच गेले होते.

शेजारची उल्हास नदी मात्र अजून तग धरून आहे. पहिल्या पावसात तिच्या खोऱ्यातले मासे अंडी घालायला उलटे चढतात, ओढ्यांतून भातखाचरांत शिरतात; हीच वलगण. वलगणीच्या माशांना जाळी लावणाऱ्या आदिवासीला दोष देणे सोपे आहे. पण ओढा भिंतींत कोंबणारा, खाचरात भराव टाकून इमारत उभारणारा आणि मैला नदीत सोडणारा हे तिघे त्या जाळ्यापेक्षा कितीतरी अधिक मासे मारतात. शिवाय पुराचे पाणी पसरायचे तेही याच खाचरांत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा नदीला जागा किती लागते हे साऱ्या राज्याने पाहिले.

नदीचे प्रदूषण मोजायला पाण्याचा नमुना घेतला जातो, पण तो त्या दिवसापुरता. मासा त्या पाण्यात रात्रंदिवस असतो. रात्री सोडलेले रसायन नमुन्यातून निसटेल, माशातून निसटणार नाही. म्हणून अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही शहरांनी ठरावीक ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, माशांची गणना करून ती पालिकेच्या सभागृहात मांडावी. नदीला मिळणारे ओढे आणि उरलेली खाचरे विकास आराखड्यात बांधकाममुक्त ठेवावीत. प्रक्रियेविना मैला सोडणाऱ्या प्रत्येक नाल्याची जबाबदारी एकेका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी.

हे भूतदयेपोटी करा असे आमचे म्हणणे नाही. बदलापूर जे नदीत सोडते, त्याच्या खालच्या अंगाला उल्हासनगर आणि कल्याणसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. मासा मेला तरी जी पालिका हलत नाही, ती नळाला येणाऱ्या पाण्याची हमी कोणत्या तोंडाने देणार?