टाकीतला पंप वर ओढा, माणूस खाली सोडू नका



आज कपाशी, तूर, संत्रा काहीच नाही. आज संडासाच्या टाकीवर लिहितो. काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? पण मागच्या पावसाळ्यात माझ्या घरी जे होता होता राहिलं, ते लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

माझं घर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् पावसाळ्यात एकदा फुगली की पाणी खाली जाऊच देत नाही. अशा जमिनीत शोषखड्डा मुरत नाही हे आपल्याला सगळ्याईले माहीत हाये. त्यातून गावातला सिमेंट रस्ता दर खेपेला वर चढत गेला अन् माझं घर खाली राहिलं. म्हणून चार वर्षांआधी टाकीच्या शेवटच्या कप्प्यात एक पंप बसवला. तो वरचं पाणी उचलून मागच्या परसात उंचवट्यावर मुरूम भरून केलेल्या खड्ड्यात टाकतो. तिथे कर्दळ लावली आहे. कल्पना चांगली होती, पण बसवताना मीच दोन चुका केल्या. त्या चुका पुढे सांगतो.

जुलैत पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी सकाळी संडासाच्या भांड्यात बुडबुडे यायला लागले, पाणी उलटं चढलं. पंप पाहिला तर मोटर नुसती गुणगुणे, पाणी फेकत नव्हती. घरात म्हातारी माय, पाहुणे आलेले. काय करावं?

टाकीचं झाकण काढलं. पुतण्याने शर्ट काढला अन् म्हणाला, "काका, दोन मिनिटाचं काम हाये. उतरतो अन् काढतो."

माय ओसरीवरून ओरडली, "काही जरूर नाई उतराची! पंप गेला तं दुसरा येईन!"

मीही त्याचा हात धरला. खरं सांगतो, पाच वर्षांआधी असतो तर मीच म्हटलं असतं, जा बाप्पा उतर, पण लवकर ये.

हात का धरला ते सांगतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात संडासाची टाकी साफ करताना पाच मजूर गेले. दुसरी गोष्ट ९ एप्रिल २०२४ ची, गुढीपाडव्याच्या दिवसाची. नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात जुन्या विहिरीत शेणाची स्लरी साठवली होती. त्यात मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वाचला तो एकच, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

दोन्ही ठिकाणी आपल्यासारखीच माणसं होती. दोन मिनिटाचं काम म्हणूनच उतरली असतील.

टाकीत काय असतं ते समजून घ्या. मैला सडतो तेव्हा मिथेन अन् हायड्रोजन सल्फाईड तयार होतात, अन् आत प्राणवायू कमी होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईडचा. तो थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं अन् वास बंद होतो. माणसाला वाटतं, गॅस गेला. हाच वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो. जास्त प्रमाणात असला तर दोन-चार श्वासांतच माणूस बेशुद्ध पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरायचं नाही. ही रीत इथे चालत नाही. दिवा फक्त प्राणवायू कमी झाल्याचं सांगतो, विषारी वायूचं सांगत नाही. अन् मिथेन पेट घेतो, म्हणजे दिवाच घात करेल. झाकण उघडल्यावर जवळ बिडीसुद्धा पेटवू नका.

मग आम्ही काय केलं? आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला. तालुक्याहून मैला उपसायचा टँकर बोलावला. त्याने नळी सोडून टाकी खाली केली. त्यानंतरही कोणी उतरलं नाही, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वायू राहतो. पंपाचा पाइप वर जिथे वळतो तिथे आरीने कापला. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ घरात होताच. तो दोराला बांधून पंपाच्या कडीत अडकवला अन् दोघांनी बाहेर उभं राहून पाइपासकट पंप वर ओढला. टँकर यायला अर्धा दिवस गेला, काम एका तासात झालं.

आता माझ्या दोन चुका. पहिली, शेतातल्या विहिरीचा जुना सबमर्सिबल मी टाकीत सोडला होता. तो स्वच्छ पाण्याचा पंप. उघडून पाहिला तर पंख्यात चिंधी अन् केस गुंडाळलेले, सील गेलेलं, मोटरीत पाणी. दुसरी चूक मोठी. पाइप पक्का जोडला होता अन् पंपाला दोर बांधलाच नव्हता. म्हणजे पंप बसवला त्याच दिवशी, पुढे कोणाला तरी आत उतरावं लागेल अशी सोय मी स्वतः करून ठेवली होती.

नवा बसवताना हे केलं, तुम्हीही करजा:

१. मैल्याच्या पाण्यासाठीच बनवलेला सिवेज पंप घेतला. अर्ध्या एचपीचा घराला पुरतो.

२. पंपाच्या कडीला जाड नायलॉनचा दोर बांधून त्याचं टोक झाकणाजवळ खुंटीला अडकवलं. लोखंडी साखळी या वायूने गंजून तुटते. वायरला धरून पंप कधी ओढू नये.

३. पाइपात एनआरव्ही बसवला अन् झाकणापासून हात पुरेल एवढ्यावर युनियन दिलं. युनियन फिरवलं की पाइप सुटतो, दोर ओढला की पंप वर.

४. पंप तळाच्या गाळात न ठेवता विटांच्या थरावर, अन् शेवटच्या कप्प्यातच. फ्लोट मोकळा हलला पाहिजे.

५. वायरचा जोड टाकीच्या आत नाही. अर्थिंग नवं केलं अन् आरसीसीबी बसवला.

६. घरात सांगून ठेवलं, चिंधी, पॅड, प्लास्टिक भांड्यात टाकायचं नाही. टाकीही दर दोन-तीन वर्षांनी उपसायची, उलटं चढायची वाट पाहायची नाही.

टँकर अन् पंप मिळून दोन क्विंटल कापसाचे पैसे गेले. जीव वाटला तेव्हा. पण पुतण्या समोर बसून भाकर खातो तेव्हा हिशोब बरोबर वाटतो.

आता जे खरं बोलायचं ते. पुतण्याचा हात मी धरला, कारण तो घरचा. पण गावात अशा वेळी आपण काय करतो? पाचशे रुपये अन् एक बाटली देतो अन् कोण्या गरिबाला उतरवतो. त्याचा हात कोण धरते? २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवून सफाई करून घेणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये गटार सफाईतल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण कायद्याच्या भीतीने नको, लाजेने तरी थांबा. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांनी झाडू स्वतःच्या हातात घेतला, दुसऱ्याला खड्ड्यात ढकललं नाही.

कृषी सहायक अन् विद्यापीठाची मंडळीही हे पेज वाचतात, त्यांना एक विनंती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून प्रत्येक सभेत मास्क अन् हातमोजे सांगितले जातात. चांगलंच आहे. त्याच सभेत दहा मिनिटं गोबरगॅस, स्लरीचा खड्डा, जुनी विहीर अन् संडासाची टाकी यावरही बोला. शेतकऱ्याच्या घरी हे सगळं असते.

अन् राजेहो, तुम्ही आज एवढंच करा. घरच्या टाकीतल्या पंपाला दोर बांधलेला आहे का, ते आठवा. नसेल तर पंप चांगला चालू आहे तोवर, टँकर बोलावून, वरूनच ती सोय करून घ्या. बंद पडल्यावर घाई होते, अन् घाईतच माणूस उतरतो.

तुमच्याकडे काळ्या जमिनीत शोषखड्ड्याची दुसरी काही चांगली सोय केली असेल तर खाली लिहा. मलेही शिकाचं हाये.