कोनशिला नसलेली कामं

महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की मी पेपरात आधी उद्यान विभागाचा मजकूर शोधते. (घरचे हसतात. हसू देत.) पाणी, रस्ते, पूल यांच्याबद्दल बोलायला अख्खं पुणे आहे, बागांबद्दल बोलायला आपल्यासारखी रिकामटेकडी माणसंच उरतात.

पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून जास्त बागा आहेत. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यानच घ्या, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मला ते मनापासून आवडतं, पाहुणे आले की मी त्यांना तिथेच नेते. तेव्हा "हिला नवीन काही बघवत नाही" असं कृपया म्हणू नका! पण ती बाग सुंदर दिसते ती रोज कुणीतरी झुडपं कापतं, तळं साफ करतं म्हणून. बाग एकदा बांधून संपत नाही, ती रोज करावी लागते.

आणि घोडं इथेच पेंड खातं. नवीन कारंजं, कमान, रंगीत दिवे ही भांडवली कामं. त्यांचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, फोटो छापून येतो. माळ्याच्या पगाराची कोनशिला कुणी पाहिलीये? नगरसेवकांच्या 'स' यादीतून बाकं येतात आणि बाकावर नाव येतं. झाडाला घातलेल्या पाण्यावर नाव घालायची सोय अजून निघालेली नाही, नाहीतर पुण्यात एक रोप वाळलं नसतं.

वेळांचंही तसंच. बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी कुलूप. एक ते चार दुकानं बंद ठेवतात म्हणून पुणेकरांची चेष्टा होते, पण बागांच्या या वामकुक्षीबद्दल कुणी बोलत नाही. एप्रिलच्या उन्हात सावली हवी कुणाला? दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळा असलेल्या बाईला, डिलिव्हरीच्या पोरांना, रिक्षावाल्यांना. ती माणसं फुटपाथवर बसतात आणि कुलपामागे झाडांची सावली रिकामी पडलेली असते. इथे लागतो तो फक्त रखवालदाराच्या आणखी एका पाळीचा पगार.

आता टेकड्या. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं, साडेनऊशेहून जास्त हेक्टर. २०१५ मध्ये सरकारने त्यावर शिक्कामोर्तबही केलं. पण बरीचशी जमीन खासगी मालकीची, आणि मोबदल्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. तोवर पायथ्याकडून एकेक घर वर सरकत गेलं. माझ्या मते पहिला पैसा इथे जायला हवा. कारंजं पुढच्या वर्षी बांधता येतं, टेकडी बांधता येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी लोक मोठ्या संख्येने मोर्चाला उतरले, ते बालभारती-पौड फाटा रस्ता नको म्हणून. वाहतुकीची अडचण खोटी नाही, विधी महाविद्यालय रस्त्यावर मीही अडकते. पण टेकडी स्वतःसाठी मागते किती थोडं! उन्हाळ्याआधी जाळरेषा, वणवा विझवायला चार माणसं, पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाच्या जागी हळूहळू देशी झाडं. आणि गवत आहे तिथे गवतच राहू देणं. 'सुशोभीकरण' हा शब्द टेकडीच्या बाबतीत ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. पायवाटेवर फरशा आल्याच म्हणून समजा.

एका बाबतीत मात्र मला माघार घ्यावी लागते. नव्या बागा पूर्ण थांबवा असं मी म्हटलं, तर २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांमधले लोक मला धरून मारतील, आणि ते बरोबर असेल. तिथे इमारतींच्या रांगा आहेत आणि पोरांना खेळायला पार्किंग. तिथे बाग हवीच. साधी चालेल, माती आणि सावली देणारी दहा-वीस झाडं, पण तिच्याबरोबर माळ्याची जागाही मंजूर करा. आहे त्याच माळ्याला तिसरी बाग सांभाळायला लावू नका.

असो. मुंबई-ठाण्याच्या आणि परदेशातल्या मंडळींनी एक सांगा, तुमच्याकडे बागा दुपारी उघड्या असतात का? मावशी, नागपूरचं तूही कळव.