लकवा मारलेला हात आणि आपला हक्क

लकव्यातून माणसाचा जीव वाचला की घरचे म्हणतात, चला, निभावले. पण आपल्या बार्शीटाकळीच्या वस्त्यांमध्ये खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पाय हळूहळू टेकू लागतो, माणूस काठी धरून दारापर्यंत येतो. हात मात्र मूठ आवळून छातीशी पडून राहतो. कापूस वेचणे, निंदण, गवंड्याची थापी, भाकर थापणे, सारे हातावर. हात गेला की मजुरी गेली. म्हणून या वेळी आम्ही हाताबद्दलच लिहीत आहोत.

लकव्यात हात स्वतः बिघडलेला नसतो. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, तिथला भाग मरतो आणि मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचत नाही. मेंदूचा उरलेला भाग हे काम नव्याने शिकू शकतो, पण त्यासाठी पुन्हा पुन्हा सराव लागतो. हात हलावा ही इच्छा आणि हाताची हालचाल एकाच वेळी घडली, तर हे शिकणे चांगले होते.

कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दत्ता यांनी याच तत्त्वावर एक यंत्र केले आहे. सुमारे पंधरा वर्षांच्या कामानंतर २०२५ च्या जानेवारीत त्याची माहिती जाहीर झाली. रुग्णाच्या डोक्यावर तारांची टोपी असते. रुग्ण मनात मूठ उघडण्याचा प्रयत्न करतो, टोपी मेंदूतले बारीक विद्युत संकेत टिपते आणि संगणक ते ओळखतो. मग हातावर बसवलेला यांत्रिक सांगाडा त्याच क्षणी बोटे हलवतो. समोरच्या पडद्यावरही मूठ उघडताना दिसते. रुग्णाने मन लावले नाही, तर यंत्र हलत नाही. अमेरिकेत अशाच एका यंत्राला २०२१ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

कानपूरच्या यंत्राची चाचणी भारतातल्या चार आणि ब्रिटनमधल्या चार रुग्णांवर झाली. लकव्याला एक-दोन वर्षे होऊन त्यांची सुधारणा थांबली होती. ते आठही जण पूर्ण बरे झाले, असे संस्थेने सांगितले. आठ रुग्ण ही संख्या लहान आहे. मोठ्या चाचण्यांनंतरच पक्के बोलता येईल, आणि हे यंत्र अजून आपल्या दवाखान्यांत आलेले नाही. त्याच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर सावध राहा. पण "सहा महिन्यांत आले ते आले, पुढे काही नाही" असे म्हणून रुग्णाला खाटेवर टाकून देणे चूक आहे, एवढे यातून नक्की समजते.

यंत्र येईपर्यंतही सराव हेच औषध आहे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि रोज करा. घरच्यांनी बोटे हलवून देताना रुग्णाने स्वतःही मनातून जोर लावावा. उठवताना लुळा हात ओढू नये, खांदा निखळतो. कबुतराचे रक्त चोळण्यात आणि अंगाऱ्यात दिवस घालवू नयेत. आणि पहिल्याच वेळी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.

पण रोजचा व्यायाम शिकायला जायचे कुठे? अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय इथून वीसेक किलोमीटर. लुळ्या माणसाला एसटीत चढवायचे, सोबत घरातल्या एकाची मजुरी बुडवायची, आणि हे महिनोन्‌महिने करायचे. पहिल्या आठवड्यातच घर थकते. जनआरोग्य योजनेचा आधार मुख्यतः भरती असेपर्यंतचा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना ज्या आरोग्य विम्याची आखणी झाली, तो १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला मिळाला. शेतमजूर बाहेरच राहिला.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सरकारने आणि स्थानिक संस्थांनी आपल्या आर्थिक क्षमतेनुसार पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात. तेव्हा आमची मागणी साधी आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसावा. आणि उद्या असे यंत्र बाजारात आले, तर ते अकोल्याच्या सरकारी रुग्णालयातही यावे, फक्त मोठ्या शहरांच्या खाजगी दवाखान्यांत अडकू नये.

वस्तीतल्या तरुणांनी आपल्या भागातल्या लकवा झालेल्यांची यादी करावी. ज्यांच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही, त्यांचे अर्ज भरून द्यावेत. तीच यादी जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यावे. किती घरांत हात आवळून बसलेला माणूस आहे, हे कागदावर आले की मागणी टाळणे कठीण जाते.