वाळवंट, उंट आणि चार तासांची सेवा

परवा शनिवारी सकाळी पहिला चहा व्हायच्या आतच पुतणीचा फोन. "काका, बिझी आहेस का? एक डॉक्युमेंट पाठवलंय, जरा इंग्लिश बघ ना." पुतणी अकरावीत आहे, पुण्यातल्या एका आयबी शाळेत. (फी किती ते विचारू नका. माझ्या भावाला विचारलंत तर तो विषय बदलतो.) म्हटलं बघू. डॉक्युमेंट उघडलं. विषय होता शाळेची राजस्थान ट्रिप: जोधपूर, जैसलमेर आणि 'कम्युनिटी सर्व्हिस'. दीड पानभर मजकूर. वाळवंटातल्या एका गावच्या शाळेची भिंत आम्ही कशी रंगवली, तिथल्या मुलांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून आनंदाला पैसे लागत नाहीत हे मला कसं कळलं, माझ्यात कसा आमूलाग्र बदल झाला, वगैरे वगैरे. इंग्लिश उत्तम होतं. एकच भानगड होती. ट्रिप डिसेंबरात आहे!

"अगं, तुम्ही अजून गेलाच नाहीत ना?"

"हो रे, पण मागच्या बॅचचं टेम्प्लेट आहे. आल्यावर लगेच परीक्षा आहे, मग वेळ नाही मिळत."

मंडळी, सोळा वर्षांच्या मुलीला आपल्यात होणारा आमूलाग्र बदल सहा आठवडे आधी माहीत आहे. आमच्या कंपनीत रिलीजची तारीखसुद्धा कुणाला इतक्या खात्रीनं सांगता येत नाही.

तिची चूक नाही. आयबीच्या डिप्लोमासाठी सीएएस नावाचा प्रकार पूर्ण करावा लागतो: क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस. त्याला मार्क नसतात, पण तो केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. सेवा ही समोरच्याच्या खऱ्या गरजेतून निघायला हवी, असं आयबीवालेच सांगतात. कागदावर सगळं छान आहे. पण कागदावरचं छान प्रत्यक्षात उतरताना मध्ये टूर ऑपरेटर येतो, आणि त्याला ठाऊक असतं की नुसत्या उंटावर पालक चेक फाडत नाहीत. उंट अधिक सेवा म्हटलं की फाडतात. एका मुलाचे ५२ हजार, मुलं ६०. म्हणजे ३१ लाख २० हजार रुपये. त्यात सेवेचा वाटा किती? मी कार्यक्रमपत्रिका मागवून घेतली. सहा दिवसांत चार तास. पाचव्या दिवशी, नाश्ता आणि 'ड्यून बॅशिंग' यांच्या मधे.

आता सरळ बोलतो. वाळवंट बघायला जाण्याला माझा काडीचाही विरोध नाही. जैसलमेरचा किल्ला संध्याकाळच्या उन्हात बघावा, पटव्यांच्या हवेलीपुढे तोंडाचा आ करून उभं राहावं, समच्या टेकड्यांवर लोळावं, केसात वाळू भरून घरी यावं. सोळाव्या वर्षी हे करायचं नाही तर कधी? आणि त्या पैशातून उंटवाल्याचं, गाडीवाल्याचं, गाणाऱ्या मांगणियारांचं घर चालत असेल तर उत्तमच. देशातले उंट २०१२ च्या पशुगणनेत चार लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. पर्यटक पाठीवर बसतो म्हणून एखादा उंट टिकत असेल, तर जरूर बसा. माझा राग त्या चार तासांवर आहे.

का, ते आमच्या धंद्यातल्या उदाहरणानं सांगतो. समजा, तुमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी साठ अनोळखी पोरं आली. त्यांना तुमची भाषा येत नाही, सिस्टिम काय आहे ते ठाऊक नाही, पण मदत करायची जबरदस्त इच्छा आहे. तुम्ही म्हणता, बरं बाबांनो, करा. ती चार तास प्रॉडक्शनमध्ये हात घालतात, तुमच्यासोबत फोटो काढतात आणि शनिवारी सकाळी विमानानं जातात. पुन्हा कधीच दिसत नाहीत. सोमवारी निस्तरायचं कुणी? म्हणून शहाणा मॅनेजर त्यांना असं काहीतरी देतो की ज्यानं काही बिघडणार नाही. उदाहरणार्थ, भिंत. भिंत दर वर्षी रंगवता येते. पुतणीच्या टेम्प्लेटमध्ये मागच्या बॅचनंही भिंतच रंगवली होती. मी विचारलं, तीच का? ती म्हणाली, "अरे बापरे. तीच असेल."

त्या तालुक्यात रंगारी नाहीत का? आहेत. साठ मुलांच्या एका दिवसाच्या जेवणाच्या खर्चात दोन रंगारी ती भिंत आमच्या पोरांपेक्षा सुबक रंगवतील, आणि मजुरी घेऊन घरी जातील. पण मग फोटोत कोण असणार?

आणि हे कुठे चाललंय, तर अशा मुलखात की जिथल्या माणसांनी पाण्याच्या बाबतीत जगाला शिकवावं. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्याकडे लोणावळ्याला जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. तरी तिथे आठशे-नऊशे वर्षं शहर उभं आहे. तिथे पाण्याचे प्रकार मानतात: पावसाचं सरळ मिळणारं ते पालरपानी, खोल विहिरीतलं ते पातालपानी, आणि दोन्हींच्या मधलं, वाळूत मुरून राहिलेलं, खाली जिप्समचा थर असल्यामुळे खाऱ्या भूजलात न मिसळलेलं ते रेजाणीपानी. हे तिसरं काढायला जेमतेम एक माणूस उतरेल एवढ्या रुंदीची कुंई खणतात. आत श्वास कोंडतो, उष्मा असह्य होतो. म्हणून वरचे लोक मधूनमधून मूठमूठ वाळू जोरानं खाली फेकतात, त्यासरशी वरची ताजी हवा आत ढकलली जाते. वाळू डोक्याला लागू नये म्हणून खणणारा डोक्यावर धातूचं भांडं घालतो. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ च्या पुस्तकात हे मी वाचलं, तेव्हा ते पुस्तक पालथं ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. हे काम जाणणारा माणूस तिथे असताना आपण त्याच्या नातवाला काय देणार? रंगीत खडू आणि वह्या. वाटपाचे फोटो वेगळे.

घरोघरी असतो तो टांका. आपल्या किल्ल्यांवरचं टाकं तुम्ही पाहिलं आहेच, त्याचाच हा भाऊबंद. जमिनीखाली गोल हौद, भोवती उतार दिलेली सारवलेली जागा, तिला आगोर म्हणतात. आगोरवर पडलेला पाऊस हौदात जातो, म्हणून ती झाडून स्वच्छ ठेवायची, तिथे चपला घालून फिरायचं नाही. जोधपूरच्या काझरी या केंद्रीय संस्थेनं सुधारलेल्या टांक्याचं एक माप २१ हजार लिटरचं आहे, सहा माणसांच्या घराला वर्षभर पुरावं असं. मी हिशोब केला (सवय वाईट). माणशी दिवसाला साडेनऊ लिटर पडतात. आता आमची साठ मुलं समच्या तंबूत दोन रात्री राहणार. तंबूला शॉवर आहे, कमोड आहे, तसं माहितीपत्रकात ठळक टायपात लिहिलंय. माणशी दिवसाला ५० लिटर धरा, जे पुण्याच्या मानानं काहीच नाही. झाले ६ हजार लिटर. टांक्यावर भागवणाऱ्या त्या घराचं हे जवळजवळ साडेतीन महिन्यांचं पाणी. तंबूचं पाणी कुणाच्या टांक्यातून उपसत नाहीत, हे मान्य. पण ते आकाशातूनही पडत नाही.

जैसलमेरच्या किल्ल्याचंच बघा. ११५६ साली वसलेला, आजही आत लोक राहतात. पाणी गडीसर तलावातून डोक्यावर वाहून आणायचं, त्या बेतानं बांधलेली ती वस्ती. मग नळ आले, हॉटेलं आली, मोऱ्यांचं पाणी टेकडीत मुरायला लागलं, काही बुरूज ढासळले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंची यादी काढली, त्यात हा किल्ला होता. म्हणजे बघायला गेलेल्यांच्या आंघोळी बघायच्या वस्तूला भोवल्या. खरी सेवा करायचीच असेल, तर किल्ल्यातल्या हॉटेलात उतरू नका. त्याचं सर्टिफिकेट मिळणार नाही, एवढंच.

आणि कुलधरा! चौथ्या दिवशी ४५ मिनिटं, 'हॉन्टेड व्हिलेज'. पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत गाव सोडलं, शाप दिला, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतो. पण याच पालीवालांनी खडीन नावाची पद्धत त्या भागात रुजवली. खडकाळ उतारावरून वाहणारं पाणी लांबलचक मातीच्या बांधानं अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. डिसेंबरात खडिनात पीक उभं असतं. ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. भूत आहे.

तुम्ही म्हणाल, काहीच न करण्यापेक्षा हे बरं नाही का? मुलांना एक्सपोजर मिळतं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा अर्थ लागेनासा झालाय. कुणाचं एक्सपोजर कुणाला? गावातल्या पोरांना दर हिवाळ्यात दोन-तीनदा वर्गातून उठून रांगेत उभं राहून हसायला लागतं, आणि त्यांचे चार तास बुडतात ते कुठल्याच रिफ्लेक्शनमध्ये येत नाहीत.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. कॉलेजात असताना आमचं एनएसएसचं शिबिर वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीत होतं. सात दिवस, शाळेच्या फरशीवर झोपायचं, सकाळी डोंगरावर समतल चर खणायचे. मी पहिल्या दिवशी चुकीच्या उतारावर तीन तास खणलं. वाडीतल्या एका आजोबांनी ते बघितलं, काही बोलले नाहीत, दुपारी येऊन स्वतः बुजवलं आणि मग माझ्या हातात पाण्याची नळी देऊन पातळी कशी बघायची ते शिकवलं. आम्ही सात दिवसांत जेवढं काम केलं, त्यापेक्षा जास्त किमतीच्या भाकऱ्या त्या वाडीनं आम्हाला घातल्या असतील. पुढच्या पावसात निम्मे चर गाळानं भरले, हेही नंतर कळलं. पण आम्ही कुणाचं भलं करून आलो असं आम्हाला कुणी लिहायला लावलं नाही. मला आठवतं ते हे की मला पातळी बघता येत नव्हती आणि त्या आजोबांना येत होती.

म्हणून शाळेला मेल लिहिला. म्हटलं, भिंत काढून टाका. त्या चार तासांत मुलांना टांका किंवा खडीन दाखवा. शिकवायला गावातलाच माणूस घ्या आणि त्याला रीतसर, शहरातल्या तज्ज्ञाला देता तेवढं मानधन द्या. मुलांनी त्याला नुसते प्रश्न विचारायचे. सेवा हा शब्द वापरू नका, सहल म्हणा. तीन दिवसांनी उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. सोबत पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक होतं. लडाख. सेवा आणि राफ्टिंग.

पुतणीला हे सगळं फोनवर ऐकवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मी जाऊ नको का?"

"जा की! उंटावर पण बस. फक्त ते दीड पान आत्ताच डिलीट कर."

"आणि आल्यावर काय लिहू?"

"जे बघशील ते."

काल रात्री तिचा मेसेज आला. डॉक्युमेंट तेच, आतला मजकूर पुसलेला, आणि वर फक्त तीन ओळी. आगोरवर चपला चालत नाहीत, मग शाळेचं क्रीडांगण कुठे असतं? पाऊस आलाच नाही तर टांक्यात टँकरचं पाणी टाकतात का, आणि त्याचे पैसे कोण देतं? टांका साफ करायला आत कोण उतरतं?

तिसऱ्याचं उत्तर मला विचारलं होतं. मी लिहिलं, तिथेच विचार, आणि विचारण्याआधी त्यांना वेळ आहे का ते विचार.