लोकांची नोंदवही, लोकांविना

‘लोकसहभाग’ या शब्दाइतका स्वस्त झालेला शब्द दुसरा नसेल. ‘लोकजैवविविधता नोंदवही’चेच पाहावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमण्यास सांगितले. गावकऱ्यांशी विचारविनिमय करून नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम, असे २००४ च्या नियमांनी ठरवले. पुढली पंधरा वर्षे बहुतेक गावांत वहीचे पहिले पानही लिहिले गेले नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा दहा लाख रुपये भरण्याची तंबी राज्यांना दिली. मग मात्र नोंदवह्यांची देशभरातील संख्या पाहता पाहता दोन लाखांवर गेली! दंड चुकवण्यासाठी भरलेली वही आणि गाव जाणून घेण्यासाठी लिहिलेली वही एकच, असे आम्ही कसे मानावे?

दोष केवळ घाईचा नाही. विचारविनिमय लोकांशी करायचा, पण लेखणी दुसऱ्याच्या हाती राहायची, हे खरे दुखणे आहे. गावकरी माहिती पुरवणार. तिचा अर्थ लावणार तज्ज्ञ.

कोणी म्हणेल, अशिक्षितांना शास्त्र काय कळणार? त्याने आमच्या गोमंतकातील खाजनाच्या बांधावर उभे राहावे. भरतीच्या पातळीखालची ही शेते. पाण्याच्या रेट्याने भरतीला आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे मानशीचे लाकडी दार, खारे पाणी सोसणारे कोरगुट भात, बांधाची सामाईक देखभाल: हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचे फळ आहे. वापरणाऱ्यानेच रचना केली, म्हणून ती टिकली. दुरुस्ती थांबून बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते. कागदावरची नोंद ते अडवू शकत नाही.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. नोंदवही गावाच्या भाषेत लिहावी. प्रथम गावातले नाव, मग शास्त्रीय. ती ग्रामसभेत वाचली जावी, दरवर्षी सुधारली जावी. बांध, तळे वा डोंगर यांविषयीचा कोणताही निर्णय तिला डावलून होऊ नये. हे अधिकार नसतील, तर ‘लोक’ हा शब्द त्या वहीवरून खोडावा.

आणि वाचकहो, भातांची, माशांची, रानभाज्यांची नावे आपल्याही घरांतील वृद्धांच्या जिभेवर आहेत. ग्रामसभेची नोटीस लागेल, त्या दिवशी त्यांना सोबत न्यावे. घरी बसून हळहळणाऱ्यांच्या नावे वहीत एकही ओळ लिहिली जात नाही.