माझा घर

जून आला की लेकीच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचं काम माझ्याकडे येतं. परवा कव्हर घालता घालता तो विचारतो, "नाना, तुमच्या शाळेत एकपण मुलगी नव्हती?" नव्हती. सगळी पोरंच. त्यामुळे मधल्या सुट्टीत जो कालवा व्हायचा, तो आठवला तरी कान बसतात!

१९८३ साली आठवीला मी कागल तालुक्यातल्या गावातून कोल्हापूरला आलो. राहायला दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंग. मुसलमानांच्या मुलांनी शिकावं म्हणून शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचं अध्यक्षपदही स्वतःकडे घेतलं, त्यातून उभी राहिलेली. आमचे अब्बा तिला शेवटपर्यंत "महाराजांची बोर्डिंग" म्हणत. माझी ट्रंक तिथं ठेवून ते एस.टी.कडे चालायला लागले, तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते मी बाप झाल्यावर कळलं.

शाळा मराठी, घरची बोली दखनी. आणि पहिल्याच महिन्यात मराठीच्या सरांनी निबंध दिला, "माझे घर". मी लिहिलं, "माझा घर ओढ्याच्या काठाला आहे. माझा घर मातीचा आहे. पावसात ओढ्याला पाणी आला की भीती वाटते." सरांनी तो मला उभं करून वाचायला लावला. पहिल्याच वाक्याला वर्ग फुटला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो माझ्याच बाकावरचा पोरगा. तोही आमच्यातलाच, शेजारच्या गावचा, बोर्डिंगमध्ये माझ्याच खोलीत! त्याची मराठी तेवढी बरी होती.

सरांनी हसू संपू दिलं. मग म्हणाले, "याच्या घरच्या बोलीत दोनच लिंगं आहेत. तुमच्याकडं तीन. तिसरं तो इथं येऊन शिकतोय. तुम्ही त्याच्याकडचं काय शिकलात?" कुणी काही बोलेना. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले : दप्तर, शाई, कागद, हजेरी, खुर्ची, तारीख. "हे सगळे फारसी-अरबीकडून आलेत. यांतला एकही न वापरता एक दिवस शाळा भरवून दाखवा." मग मला म्हणाले, "आता तू तुझ्या बोलीत काहीतरी बोल." मी घाबरून म्हटलं, "मेरेकू नक्को." पुन्हा हशा. सर म्हणाले, "हसू नका, तो 'नक्को' आपला आहे. आणि हे लोक 'मैंच', 'तूच' म्हणतात ना, त्यातला 'च'सुद्धा मराठीचा. भाषेतली उधारी कुणी फेडत नसतं."

मार्क मात्र दहापैकी चारच दिले. लिंगाच्या चुकांना त्यांनी कधी सूट दिली नाही.

बाकीच्या सरांचं काय सांगावं! गणिताचे सर खडू फेकण्यात इतके तरबेज, की मागच्या बाकावरच्याला लागायचा आणि पुढचे तिघे वाकायचे. पी.टी.चे सर तोंडानं आग, पण रमजानमध्ये रोजेदार पोरांना झाडाखाली बसवून "मैदानावर लक्ष ठेवा" असं काम द्यायचे. कशावर लक्ष ठेवायचं ते कधी सांगितलं नाही.

तो हसणारा पोरगा माझा जिगरी दोस्त झाला. सहेरीला मला पाय ओढून उठवायचं काम त्याचं. त्याच्या घरची स्थिती आमच्यापेक्षा ओढग्रस्त. वडील पिंजारी, आणि पिंजाऱ्याला तेव्हाच काम उरलं नव्हतं. नववीला ई.बी.सी.चा फॉर्म भरायचा होता. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणला की फी माफ. १९८४ ची रमजान ईद शाळा सुरू झाल्यावर आली, ऐन पावसात. एस.टी.चं भाडं वाचवायला तो ईदलाही गावी गेला नाही. फॉर्म माझ्याकडं दिला. "अब्बाला दे, तलाठी आमच्याच गावात बसतो. सही-शिक्का झाला की घेऊन ये." त्याचं गाव आमच्यापासून दीड कोस.

ईदची नमाज झाली, शिरखुर्मा झाला, मावसभाऊ आले, ईदी मिळाली. पाऊस होता, ओढ्याला पाणी होतं. खरं सांगायचं तर ओढा दुपारपर्यंत उतरला होता. मी गेलो नाही. फॉर्म पायजम्याच्या खिशातच राहिला. कोल्हापूरला परतल्यावर त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "तलाठी भेटला नाही." फॉर्मची मुदत गेली.

पुढं वर्गात फी थकलेल्यांची यादी वाचली गेली. त्यात त्याचं नाव आलं की तो उभा राहायचा. मी शेजारी बसलेला असायचो. दोन महिन्यांनी मराठीचे सर क्लार्कशी व्हरांड्यात काहीतरी बोलले आणि त्यानंतर ते नाव यादीत आलं नाही. कुणी काही सांगितलं नाही, पण आम्हा दोघांनाही समजलं. त्यानं नववी पुरी केली. दहावीला तो आला नाही. इचलकरंजीला मामूच्या मागावर लागला होता.

मी शिकलो, नोकरी केली, रिटायर झालो. मराठीचे सर दहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यापुढं हे कबूल करायचं राहूनच गेलं.

गेल्या थंडीत इचलकरंजीत एका निकाहला गेलो तर हा जेवणाच्या पंगतीत समोर. दाढी पांढरी, हसणं तेच. स्वतःचे आठ माग आहेत म्हणाला, चालू कमी आणि बंदच जास्त. जेवण झाल्यावर त्याला बाहेर मांडवाच्या कडेला नेलं आणि चाळीस वर्षांचं सगळं सांगून टाकलं. फॉर्म, खिसा, ओढा, तलाठी.

तो खांद्यावरच्या रुमालानं हात पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "तलाठी? वो तो उस दिन हमारेच घर कू शिरखुर्मा खाने आया था. तू फॉर्म लेके आएगा करके अब्बाने उसकू अस्र तक बिठाके रखा था."

आणि माझा हात धरून आत पान खायला घेऊन गेला.